काचेच्या पेटीतला समुद्र

आज एका अशा रोगाची हकिकत सांगायची आहे, की जो बरा झाला असे वाटते तेव्हाच तो खरा वाढीला लागलेला असतो. रोग माणसाचा नव्हे, माशाचा. आणि तोही काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात पाळलेल्या माशाचा. तुम्ही म्हणाल, शेतीवाडीच्या आणि शाळेच्या माणसांना या शोभेच्या माशांशी काय कर्तव्य? थोडा धीर धरा. मासा लहान आहे, पण हकिकत लहान नाही. रोग ओळखावा कसा आणि ओळखण्याआधी औषध का देऊ नये, याचा असा सरळ धडा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

चित्र डोळ्यांसमोर आणा. काचेची मोठी पेटी आहे. तिच्यात समुद्राचे पाणी, तळाशी वाळू, दोनचार खडक आणि पिवळ्यानिळ्या रंगांचे पाचसहा मासे. एके सकाळी एका माशाच्या परांवर बारीक मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसतात. मासा अधूनमधून खडकाला अंग घासतो. पाळणारा काळजीत पडतो. कोणी सांगते पाणी बदला, कोणी सांगते अमुक थेंब टाका. तो थेंब टाकतो, आणि काय आश्चर्य! चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात. औषध लागू पडले म्हणून तो खूश होतो. पुढच्या आठवड्यात मात्र एका माशावर नव्हे, सगळ्याच माशांवर ठिपके उठतात आणि तेही शेकड्यांनी. मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकू लागतात आणि बघताबघता पेटी रिकामी होते.

ठिपके गेले होते ते कुठे? आणि परत आले ते कुठून? या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवायला कित्येक वर्षे लागली. तीच गोष्ट आता ऐका.

समुद्र काचेत कसा आला

समुद्रातला जीव घरात ठेवून पाहावा ही हौस फार जुनी नाही. झान व्हिलप्रो-पॉवर नावाच्या एका फ्रेंच बाईंनी १८३२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना येथे काचेच्या पेट्या करवून घेतल्या. आर्गोनॉट नावाचा आठ हातांचा एक शिंपलेवाला प्राणी आपला शिंपला स्वतः तयार करतो की दुसऱ्याचा बळकावतो, हा त्या वेळचा वाद होता. बाईंनी पेटीत ठेवून पाहिले आणि तो स्वतः तयार करतो हे दाखवून दिले. नुसती चर्चा करण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले बरे, हा मत्स्यपेटीचा पहिला गुण.

त्यानंतर लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास एक गोष्ट जगापुढे मांडली. भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, गोगलगायी सडका पाला खाऊन टाकतात आणि पाणी पुष्कळ दिवस चांगले राहते. मग फिलिप हेन्री गॉस हा निसर्गशास्त्रज्ञ पुढे आला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. १८५४ साली गॉसचे मत्स्यपेटीवरचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडात घरोघर काचेच्या पेट्या दिसू लागल्या.

त्याच १८५४ सालची लंडनमधलीच दुसरी एक गोष्ट शिक्षकांना ठाऊक असेल. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचे पाणी पिणाऱ्यांना पटकी झाली आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी रोगाचे मूळ त्या पंपाच्या पाण्यात आहे हे दाखवले. एका पाण्यावर सारी वस्ती असली की एकाचा रोग सगळ्यांचा होतो. ही गोष्ट माणसांना लागू, तशीच माशांनाही लागू. पण माशांच्या बाबतीत ती उमगायला बराच काळ जावा लागला.

पुढे विल्यम आल्फर्ड लॉइड या कल्पक माणसाने पंप लावून पाणी खेळते ठेवण्याची युक्ती काढली. जमिनीखाली काळोखात पाण्याचा मोठा साठा ठेवायचा, तेथून ते सगळ्या पेट्यांतून फिरवायचे आणि परत साठ्यात आणायचे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले १८७१ सालचे त्याचे मत्स्यालय याच पद्धतीचे. पाणी स्वच्छ राहू लागले, मासे जास्त दिवस जगू लागले. पण सगळ्या पेट्यांचे पाणी एक झाले. म्हणजे एका पेटीत शिरलेल्या चोराला सगळ्या घरांची दारे उघडी! आपल्या मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांच्या ध्यानात येईल, की अशा ठिकाणी पाणी सांभाळणे हेच निम्मे काम असते.

आता एक शंका येईल. हे परोपजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणारे जीव, समुद्रात नसतात काय? असतात. पण समुद्र अफाट. माशाच्या अंगावरून गळून पडलेल्या जीवाची हजार पिल्ले झाली, तरी त्यांतल्या एखाद्यालाच दुसरा मासा भेटायचा. बाकीची वाया जायची. त्यांनी एवढी लेकरे काढायची ती एवढ्यासाठीच. काचेच्या पेटीत मात्र मासा हातभर अंतरावर असतो. निसर्गाने अफाट समुद्राच्या हिशोबाने केलेली पेरणी एका वाफ्यात उगवली, तर काय होईल? तेच येथे होते.

पहिला चोर : डोळ्यांना न दिसणारा चपटा कृमी

न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला एक जुना गोल किल्ला आहे. परदेशातून येणारे लोक एके काळी तेथे उतरत. १८९६ साली त्याच इमारतीत न्यूयॉर्कचे मत्स्यालय सुरू झाले आणि १९४१ पर्यंत ते तेथे होते. आपल्या हकिकतीतला बराच भाग याच जागी घडला.

तेथल्या माशांचे डोळे पांढुरके होत, अंगावर जखमा पडत. मॅककॅलम या संशोधकाने १९२७ साली त्याचे कारण असलेल्या चपट्या कृमीचे वर्णन केले. आज त्याला निओबेनेडेनिया मेलेनी म्हणतात. हा कृमी काही मिलिमीटर लांबीचा, म्हणजे डोळ्यांना दिसावा इतका मोठा; पण काचेसारखा पारदर्शक. तो माशाच्या कातडीला, डोळ्याला चिकटलेला असतो आणि तरी दिसत नाही! मागच्या बाजूला चिकटायला गोल चकती आणि आकडे. जळूची आठवण व्हावी असे ते ध्यान.

जान आणि कून या दोघांनी १९३२ साली त्याचा जीवनक्रम लिहिला. याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यांना लांब चिवट धागे असतात. ते जाळीला, दगडाला गुंतून बसतात. त्यांतून पिल्ले निघतात आणि पोहत माशाकडे जातात. म्हणून माशावरचे कृमी काढले तरी अंडी मागे राहतात आणि थोड्या दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

त्याच मत्स्यालयात रॉस निग्रेली आणि चार्ल्स ब्रेडर यांनी १९३४ साली आणखी एक गोष्ट नोंदवली. काही जातींच्या माशांना हा कृमी फार सतावतो, काहींना मुळीच नाही. आणि एकदा लागण होऊन जे मासे वाचतात, त्यांच्यात पुढे काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. माशालाही अशी आठवण असते, हे तेव्हा नवे होते.

या कृमीची ओळख पटवण्याची युक्ती फार सोपी आहे. माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात ठेवायचे. त्या पाण्याचे तापमान पेटीएवढेच असले पाहिजे, आणि मासा कसा वागतो यावर सारखी नजर पाहिजे. हरभरा पाण्यात फुगतो तसे गोडे पाणी कृमीच्या खारट अंगात शिरते. तो फुगतो, पांढरा पडतो आणि गळतो. काल जो दिसत नव्हता तो आज भांड्याच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखा पडलेला दिसतो. ओळख आणि उपाय एकाच वेळी! मासा मात्र मोठा आणि त्याची कातडी बंदोबस्ताची, म्हणून तो तेवढा वेळ निभावून नेतो. अलीकडे या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे माणसांच्या कृमींवर चालणारे औषधही वापरतात. पण अंडी त्यालाही दाद देत नाहीत, म्हणून ते पुन्हा द्यावे लागते.

दुसरा चोर : सोनेरी धूळ

कोकणातल्या मंडळींनी अंधाऱ्या रात्री लाट फुटताना पाणी निळसर चमकलेले पाहिले असेल. ती चमक ज्या सूक्ष्म जीवांमुळे येते, त्यांच्या गोत्याला डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. याच गोत्यातला एक भाऊबंद मात्र माशांचा काळ आहे.

लंडनच्या ई. एम. ब्राऊन यांनी १९३१ साली समुद्री माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर सापडलेल्या या जीवाचे वर्णन केले आणि त्याला ऊडिनियम ऑसेलेटम असे नाव दिले. त्याच्यामुळे माशांत साथ कशी पसरते, हे त्यांनी १९३४ साली सविस्तर लिहिले. १९३६ साली न्यूयॉर्कच्या निग्रेली यांनी त्याचा सारा जीवनक्रम मांडला. पुढे १९४६ साली ब्राऊन आणि होव्हास यांनी त्याला अमायलोऊडिनियम असे वेगळे नाव दिले. ‘अमायलो’ म्हणजे पिठूळ. या जीवाच्या अंगात पिष्टाचे कण असतात. प्राण्यासारखा माशाला खातो आणि वनस्पतीसारखे पीठ साठवतो, असा हा अर्धनारीनटेश्वर.

हा आधी धरतो कल्ले. माशाने श्वास घ्यायचा तो कल्ल्यांनी, आणि तेथेच याने मुळासारखे तंतू रोवायचे! म्हणून अंगावर काही दिसायच्या आतच मासा धापा टाकतो, खाणे सोडतो आणि मरतो. पाळणारा म्हणतो, पाण्यात दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पुष्कळ उशिरा, उजेड तिरका पडला, तर अंगावर बारीक सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते. पोट भरले की हा जीव माशावरून सुटून तळाशी जातो, तेथे एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत २५६ पर्यंत भाग होतात, आणि प्रत्येक भाग शेपटी हलवीत माशाच्या शोधात निघतो. शाळेतल्या मुलांना हे गणित घालून पाहा : एकापासून सुरुवात करून आठ वेळा दुप्पट केले की २५६ होतात. असे शंभर जीव एका माशावर असले, तर पुढच्या खेपेला किती?

तिसरा चोर : पांढरे ठिपके

आता आपण सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. गोड्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो हे युरोपात आधीच माहीत होते. फुके या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली त्याच्या जीवाला जे नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ ‘पुष्कळ लेकरांची माशावरची ऊ’ असा होतो. नाव किती बोलके!

समुद्राच्या माशांवरही असेच ठिपके येतात हे जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. मध्ये महायुद्ध आले. नंतर १९५१ साली ब्राऊन यांनीच या खाऱ्या पाण्यातल्या जीवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले. ‘क्रिप्टो’ म्हणजे लपलेले, ‘कॅरिऑन’ म्हणजे पेशीतले केंद्रक. सिकामांनी १९६१ साली त्याला गोड्या पाण्यातल्या जीवाचा खारा भाऊ ठरवून दुसरे नाव दिले. पण प्राणिशास्त्रात आधी रीतसर ठेवलेले नाव चालते, या नियमाने ब्राऊन यांचे नाव टिकले. १९६६ साली निग्रेली आणि जॉर्ज रुगिएरी यांनी न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या साथींचे वर्णन केले. कातडी, कल्ले आणि डोळेसुद्धा हा जीव कसा पोखरतो हे त्यांनी दाखवले.

आता कोडे सोडवू. या जीवाच्या आयुष्यात चार मुक्काम आहेत. पहिला मुक्काम माशाच्या कातडीच्या आत. कातडीवर नव्हे, आत. हे लक्षात ठेवा. तेथे तो तीन ते सात दिवस गोल गोल फिरत खातो. तोच आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका. दुसरा मुक्काम : पोट भरले की तो आपण होऊन माशाला सोडतो आणि तळाशी जातो. तिसरा : तेथे भोवती टणक कोष करून आत त्याचे भाग होऊ लागतात. चौथा : कोष फुटतो आणि दोनशेपर्यंत पिल्ले पोहत निघतात. त्यांना काही तासांत मासा सापडला पाहिजे, नाहीतर ती संपली.

म्हणजे ठिपके गेले होते ते औषधाने नव्हे, ते आपल्या वेळेला गेले होते! मासा स्वच्छ दिसत होता तेव्हा तळाशी, वाळूत आणि दगडांवर कोष पिकत होते. पाळणारा माशाकडे बघत होता आणि रोग वाळूत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत. बर्जेस आणि मॅथ्यूज यांनी १९९४ साली आणखी एक बारकावा दाखवला. हे जीव माशाला सोडतात ते अंधारात, आणि पिल्ले बाहेर पडतात तीही अंधारात. मासा रात्री तळाजवळ स्वस्थ असतो, नेमकी तीच वेळ हे साधतात. चोराची वेळ चोराला बरोबर कळते.

याहून मोठी गंमत पुढे झाली. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले हे दोन जीव इतके सारखे, की ते सख्खे भाऊ असावेत असे पुष्कळ वर्षे वाटत होते. २००२ साली राइट आणि कोलोर्नी यांनी त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून दाखवले, की त्यांची कुळे वेगळी आहेत. दोघांचा धंदा एक, म्हणून दोघांचे रूप एक झाले. देवमासा माशासारखा दिसतो, पण तो मासा नव्हे, तसेच हे.

मोरचूद आणि मोजमाप

आता उपायाकडे वळू. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण सांगायला नको. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण द्राक्षाच्या केवड्यावर चालते, हे फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८५ साली दाखवले. तेच मोरचूद माशांच्या कामी आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली या सोनेरी धुळीवर मोरचुदाचा उपाय प्रसिद्ध केला.

मोरचूद विष आहे हे कोणालाही माहीत होते. प्रश्न होता तो मात्रेचा. दर लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे एवढीच मात्रा आज योग्य मानतात. हिशोब करून पाहा : पाच हजार लिटर पाण्यात फक्त एक ग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे चार ग्रॅम मोरचूद! याहून कमी झाले तर चोर मरत नाही, फार जास्त झाले तर मासा मरतो. अति तेथे माती म्हणतात, पण येथे कमी तेथेही मातीच.

आणि ही मात्रा एकदा टाकून भागत नाही. पेटीत शिंपले, प्रवाळ किंवा चुनखडीचे दगड असले की पाण्यातले तांबे ते ओढून घेतात. सकाळी टाकलेले संध्याकाळी उरत नाही. म्हणून रोज पाणी तपासायचे, कमी झाले तेवढे भरायचे, आणि दोनतीन आठवडे हे चालवायचे. इतके दिवस कशाला? तर तांबे माशावर बसलेल्या जीवाला मारत नाही, तळाच्या कोषालाही मारत नाही. ते मारते पोहत निघालेल्या पिल्लांना. तेव्हा शेवटचा कोष फुटेपर्यंत पहारा चालू ठेवणे भाग आहे. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तर ही मात्रा सोसतच नाही. म्हणून आजारी मासा दुसऱ्या साध्या, दगडवाळू नसलेल्या भांड्यात काढूनच हा उपाय करतात. पुढे सोनेरी धुळीवर क्लोरोक्वीनही वापरात आले. हिवतापाच्या गोळ्यांतले, आपल्या खेड्यापाड्यांत एके काळी घरोघर ठाऊक असलेले तेच औषध.

औषध न घालता रोग घालवण्याचे मार्गही निघाले, आणि ते जीवनक्रम नीट कळल्यामुळेच निघाले. इस्राएलमधल्या आयलत येथील आंजेलो कोलोर्नी यांनी १९८५ साली दाखवले, की पाण्याचा खारटपणा ठराविक वेळा पुरेसा उतरवला तर पांढऱ्या ठिपक्यांचे कोष टिकत नाहीत. दुसरा मार्ग आणखी साधा. जीव माशावर तीन ते सात दिवस राहतो आणि सुटल्यावर त्याचा कोष तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाही. मग दर तीन दिवसांनी मासा नव्या, स्वच्छ, कोरड्या करून भरलेल्या भांड्यात हलवायचा. असे चार वेळा केले, की चोर मागच्या भांड्यात राहतात आणि मासा पुढे निघून जातो. यात औषध नाही, खर्च नाही. आहे ती फक्त तारखांची शिस्त. मूळ पेटी मात्र तेवढा काळ माशांवाचून ठेवावी लागते, आणि ती बरेच आठवडे. कारण काही कोष तीन दिवसांत फुटले, तर काही ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे.

आधी ओळख, मग औषध

आता हे सगळे एका ओळीत मांडून पाहा, म्हणजे या इतिहासाचे मर्म ध्यानात येईल. गोड्या पाण्याची आंघोळ चपट्या कृमीवर चालते. पांढऱ्या ठिपक्यांवर चालत नाही, कारण ठिपक्यांचा जीव कातडीच्या आत सुरक्षित असतो. पाण्याचा खारटपणा उतरवला तर पांढरे ठिपके जातात. सोनेरी धूळ जात नाही, कारण तिला खारे आणि निमखारे दोन्ही पाणी मानवते. तांबे या दोघांवर चालते, पण चपट्या कृमीला पुरत नाही. आणि चौथाही एक चोर आहे. १९७० साली चेकोस्लोव्हाकियाचे यिर्झी लोम आणि आपले निग्रेली यांनी ब्रुकलिनेला हॉस्टिलिस या जीवाचे वर्णन केले. न्यूयॉर्कचे मत्स्यालय १९५७ पासून ब्रुकलिन भागात गेले होते, तेथले हे नाव. तो तळाला जातच नाही, माशावरच दोनाचे चार होतो. तांब्याला जुमानत नाही, त्याला फॉर्मलिनची मोजून दिलेली आंघोळ लागते.

चारही रोगांत मासा अंग घासतो, धापा टाकतो, खाणे सोडतो. बाहेरची लक्षणे जवळजवळ तीच. मग ओळखायचे कसे? कण मिठासारखे मोठे की धुळीसारखे बारीक, हे पाहायचे. ठिपके आधी की धाप आधी, ते लिहून ठेवायचे. आणि सर्वांत खात्रीचे म्हणजे कातडीवरचा बुळबुळीत थर हलक्या हाताने खरवडून काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. तेथे गोल फिरणारा केसाळ जीव दिसला तर एक, मुळे रोवून बसलेली पिठूळ थैली दिसली तर दुसरा. जी गोष्ट अंदाजाने आठवडाभर सुटत नाही, ती पाच मिनिटांत सुटते.

सुरुवातीला तुम्ही विचारले होते, याचा आपल्याशी काय संबंध? रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या लोकांना जिताडा मासा सांगायला नको. आज जिताडा, कोबिया असे मासे तळ्यांत आणि समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवले जातात. कोबियाची पैदास आपल्याकडे तामिळनाडूतल्या मंडपम् येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०१० साली यशस्वी केली. दाटीने मासे ठेवले, की काचेच्या पेटीतली गोष्ट तळ्यात आणि पिंजऱ्यात घडते; तेच चोर, तेच कोष, तीच रात्रीची वेळ. फरक इतकाच, की तेथे कोणाची हौस नाही, घरचा संसार पणाला लागलेला असतो. मत्स्यालयातल्या संशोधकांनी शोभेच्या माशांसाठी केलेली धडपड अशी कष्टकऱ्याच्या उपयोगी पडते.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय कोणता म्हणाल, तर रोग आत येऊच न देणे. नवा मासा आणला की तो काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा. व्हेनिस शहरात परक्या जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवीत. इटालियन भाषेतल्या त्या ‘चाळीस’वरूनच क्वारंटाइन हा शब्द निघाला. २०२० साली हा शब्द आपल्या गावागावांत पोचला. तेव्हा तो जाच वाटला असेल. पण ठिपके न दिसणारा मासा निरोगी असतोच असे नाही, हे ज्याला कळले त्याला त्या वेगळे ठेवण्यामागचा अर्थही कळतो.

शिक्षकबंधूंना एकच विनंती. शाळेत काचेची पेटी असली, मग ती गोड्या पाण्याची का असेना, तर तिच्याशेजारी एक वही ठेवा. आज मासा कसा होता, काय खाल्ले, ठिपका कधी दिसला, कधी गेला, हे मुलांना रोज लिहू द्या. ठिपका गेला त्या दिवशी मुले आनंदाने टाळ्या वाजवतील. त्या वेळी त्यांना एवढेच विचारा : “अरे, पण तो गेला कुठे?” हा प्रश्न ज्या मुलाच्या डोक्यात राहील, त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे समजायला हरकत नाही.